जांभळ्या वर्तुळातला चौकोन

लसीची कुपी कधी जवळून पाहिली आहे? तिच्यावर एक जांभळं वर्तुळ छापलेलं असतं आणि त्याच्या मधोमध एक फिकट चौकोन. सुई भरण्याआधी सिस्टर त्या चौकोनाकडे बघते. तो वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लसीला उष्णता बाधलेली नाही. दोघांचा रंग सारखा झाला की कुपी बाद, मग तिच्यावरची तारीख काहीही असो.

या चौकोनात डायअॅसिटिलीन जातीचं रसायन असतं. उष्णता लागली की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात, रंग गडद होत जातो आणि ही जोडणी पुन्हा सुटत नाही. दुपारभर उन्हात राहिलेली कुपी नंतर कुणी गुपचूप बर्फात नेऊन ठेवली, तरी चौकोन चुगली करतोच. शिवाय प्रत्येक लसीची सोसण्याची ताकद वेगळी, म्हणून चौकोनाचा वेगही वेगळा. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीचा चौकोन ३७ अंशांत २ दिवसांतच हात टेकतो, हेपॅटायटिस बीच्या लसीचा ३० दिवस तग धरतो. १९९६ साली पोलिओच्या कुप्यांवर तो पहिल्यांदा आला. एवढ्याशा ठिपक्यात इतका विचार भरलेला पाहून मला तर तो लसीइतकाच मोठा शोध वाटतो.

एक गोष्ट मात्र त्याला कळत नाही: लस गोठली का? पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र) किंवा हेपॅटायटिस बीची लस गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकत्र चिकटतात आणि लस निकामी होते. शंका आली तर कुपी हलवून ठेवायची आणि गाळ किती लवकर खाली बसतो ते बघायचं. म्हणजे वरून ऊन नको आणि खालून बर्फही नको. २ ते ८ अंशांच्या पट्टीत अशी लस कारखान्यापासून बाळापर्यंत न्यायची.

बारामती-इंदापूरच्या उन्हाळ्यात हे कसं जमतं? आरोग्य केंद्रात आयएलआर नावाचा फ्रीज असतो. त्याच्या भिंतींमध्ये बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी त्याचं भागतं. भारनियमन माहीत असलेल्या माणसानेच तो बनवला असावा! तिथून लस निळ्या डब्यात, बर्फाच्या पॅकांच्या मधे बसून उपकेंद्रावर जाते. आइसपॅकही फ्रीजरमधून काढले की लगेच डब्यात टाकत नाहीत. आत पाणी हलल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवतात, नाहीतर लस गोठायची.

बर्फाची ही साखळी नव्हती तेव्हा काय करत? तेव्हा माणसंच साखळी होत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस धरली. ती लस व्हिएन्नाहून बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली होती. मग ॲनाच्या फोडातला द्रव दुसऱ्या मुलांच्या दंडावर, त्यांचा तिसऱ्यांच्या, असं करत लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासला पोचली. एखाद्या टप्प्यावर एकाही पोराला लस धरली नसती तर सगळीच वाट बंद.

एवढी धडपड आहे ती एका हक्कासाठी. आरोग्य हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत १९४६ सालीच लिहिलं गेलं. वंश, धर्म, राजकीय मत, आर्थिक-सामाजिक परिस्थिती यांपैकी काहीही आड येता कामा नये, असं ती म्हणते. आपल्याकडे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचाच भंग. पण कागदावरचा हक्क बाळाच्या मांडीपर्यंत न्यायचा तर लस ८ अंशांच्या आत ठेवणारा फ्रीज लागतो आणि सिस्टरचा डबा लागतो. हे सगळं असूनही कोण सुटतं? जो एका गावी राहत नाही तो.

ऊसतोडीच्या हंगामात बारामती-इंदापूरकडच्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथल्या साखर कारखान्यांच्या परिसरात बीड, अहिल्यानगरकडून ‘कोयते’ येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बरोबर लेकरं असतातच. आता लसीकरणाचं वेळापत्रक समोर ठेवा. पेंटाव्हॅलंटचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. बीडकडच्या पाटोद्याच्या एखाद्या वस्तीवर १० ऑक्टोबरला जन्मलेल्या बाळाचे हे दिवस येतात २१ नोव्हेंबर, १९ डिसेंबर आणि १६ जानेवारीला. तिन्ही ऐन गाळपात! गावाकडच्या आशाताईच्या यादीत ते बाळ असतं, पण गावात नसतं. इथे उसाच्या फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे झोपडीत असतं, पण इथल्या यादीत नसतं.

लस पहिल्यापासून फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. पण मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडीने एक दिवस काम बुडवलं की खाडा पडतो आणि तो हिशोबात चढतो. बाळाला डोस द्यायला गेलेल्या बाईला फुकटची लस अशी महाग पडते. त्यात लसीकरणाचं सत्र भरतं दिवसा, ती तर पहाटेच फडात गेलेली.

यावर उपायही साधा आहे आणि तो पोलिओच्या मोहिमेने शिकवला: माणूस केंद्रावर येत नसेल तर डबा माणसाकडे न्यायचा. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुषच्या आखणीत वीटभट्ट्या, बांधकामं आणि स्थलांतरितांच्या वस्त्या वेगळ्या नोंदवायला सांगितलं आहे. बाळाचं कार्ड गावाकडच्या पेटीत राहिलं असेल तर? सिस्टर डाव्या दंडावर बीसीजीचा वण शोधते, आईला विचारते आणि वयाप्रमाणे डोस सुरू करते. कार्ड नाही म्हणून परत पाठवायचं नसतं.

आणि गोवर-रुबेलाची कुपी? तिच्यातली भुकटी द्रावकात मिसळली की लस चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. एका कुपीत पाच किंवा दहा मुलांचे डोस. कोप्यांवर नऊ महिने पूर्ण झालेलं एकच लेकरू सापडलं तरी नियम सांगतो की कुपी फोडायची, बाकीचे डोस वाया गेले तरी चालतील.