गोळी साता समुद्रांची, उंबरठा गावाचा

आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंज मोझरीला एकदा तरी जाऊन यावे. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली असते, वावरात कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात, आणि नागपूर-अमरावती रस्त्यावरचे हे एवढेसे गाव माणसांनी नुसते फुलून जाते. दुपारचे चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे झाली, की तो सारा समुदाय जागच्या जागी स्तब्ध होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी देह ठेवला, त्यांना वाहिलेली ही मौन श्रद्धांजली. भगव्या टोप्यांचा तो सागर, खाली ठेवलेल्या खंजिऱ्या, आणि एक अक्षर कोणी बोलत नाही.

तीस-बत्तीस वर्षे मी या मौनाला हजर राहत आलो. डोळे मिटले, की इतर मंडळींच्या मनात महाराजांची मूर्ती उभी राहत असेल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक चहाची कपबशी येते. ती कशी, ते सांगण्यासाठीच हा लेख.

सरकारी आरोग्य खात्यात मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. खेडोपाडी आम्हाला 'चट्टेवाले' म्हणत. घरोघर जायचे, माणसे उजेडात उभी करायची, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का पाहायचे, पिसाने नाही तर बॉलपेनच्या टोकाने स्पर्श करून "लागलं का?" असे विचारायचे, कोपराजवळची शीर जाड झाली आहे का ते चाचपायचे, आणि रोग निघाला तर महिन्याच्या महिन्याला गोळ्या पोचवायच्या. काम असे साधे. पण त्या गोळ्यांचा इतिहास पाहिला तर माणूस थक्क होतो.

आमच्या पिशवीत तीन औषधे असत. पहिले डॅप्सोन, ते प्रथम तयार झाले जर्मनीत, १९०८ साली, आणि कुष्ठरोगावर त्याचा उपयोग होतो हे कळायला पुढे तीन तपे लागली. दुसरे क्लोफाझिमिन, ते आयर्लंडात, डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी शोधले. तिसरे रिफाम्पिसिन, त्याचे मूळ फ्रान्सच्या समुद्रकाठची मूठभर माती. इटलीतील मिलान शहरी १९५७ साली त्या मातीतल्या सूक्ष्म जीवापासून हे औषधांचे घराणे निघाले. रोगाचा जंतू पाहिला तो नॉर्वेच्या हॅन्सन यांनी, १८७३ साली. त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याकडे कडू कवठाचे तेल टोचत, आणि रोगी बिचारा ओरडत असे.

१९८१ साली जिनीव्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची बैठक भरली. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले होते. तेव्हा ही तीन औषधे मिळून द्यावीत, असे त्या बैठकीत ठरले. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते मनावर घेतले, १९८३ साली राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि ही बहुविध औषधे सुरुवातीला जिथे दिली गेली त्यांत आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा होता. वर्ध्याचीच निवड का, हे वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्र्यांची आपल्या हातांनी शुश्रूषा केली होती. १९५१ पासून वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने रोगी शोधावे, लोकांना शिकवावे आणि घरच्या घरी औषध द्यावे, अशी पद्धत बसवली होती. इकडे अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले होते. जग मदतीला आले तेव्हा आपली माणसे हात जोडून बसलेली नव्हती. ती आधीच कामाला लागलेली होती.

मग हा पुरवठा चालू झाला. करार दिल्लीत व्हायचे, सह्या मोठमोठ्या माणसांच्या. तिथून माल पुण्याला, पुण्याहून अमरावतीला, अमरावतीहून प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि तिथून माझ्या पिशवीत. पिशवीपासून पुढे रोग्याच्या तोंडापर्यंत फार तर दहा पावलांचे अंतर. पण वाचकहो, या सगळ्या प्रवासात अवघड जर काही असेल तर ती दहा पावले!

गोष्ट १९९१ सालची. मोझरीपासून दोन-अडीच कोसांवरच्या एका गावात एका चांगल्या खात्यापित्या घरची सून माझ्या तपासणीत निघाली. वय बावीस-तेवीस. हातावर चट्टे, करंगळी बधिर. चुलीवरचा तवा धरला तरी चटका कळत नव्हता. दोन वर्षांचा उपचार ठरला. पहिला डोस तिने सासूसमोर मुकाट्याने घेतला आणि मला दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "भाऊ, गाडी वेशीबाहेर ठेवत जा. अन् सकाळी येत जा, लोक वावरात गेल्यावर."

मी तसे करू लागलो. पण त्या तीन औषधांतल्या एकाचा गुण असा, की त्याने कातडी काळवंडते. औषध थांबल्यावर रंग परत येतो. पण तोवर गावाचे डोळे काय मिटून बसणार? चार महिन्यांत कुजबुज सुरू झाली. पाचव्या महिन्यात गेलो तर सून घरात नव्हती. ढोरांच्या कोठ्यात एका कडेला तिची बाज टाकलेली, ताट-गडू वेगळा. सासरा ओसरीवर बसलेला. त्याने मला सरळ सांगितले, की अमरावतीच्या वकिलाला विचारून आलो. कायद्यात सोय आहे, पोराला सोडचिठ्ठी मिळते.

आणि ते खोटे नव्हते. १९५५ सालच्या हिंदू विवाह कायद्यात बरा न होणारा उग्र कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून लिहिलेलेच होते. हे १९५५ साल मोठे विलक्षण. त्याच वर्षी भारत सरकारने कुष्ठरोग नियंत्रणाची पहिली राष्ट्रीय योजना सुरू केली. त्याच वर्षी तुकडोजी महाराजांची ग्रामगीता निघाली. गाव झाडावे कसे, गावाचे आरोग्य राखावे कसे, हे तिने खेडुताला त्याच्याच बोलीच्या वळणाने सांगितले. आणि त्याच वर्षी महाराज जपानला विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. एका हाताने सरकार औषध देत होते, दुसऱ्या हाताने कायदा दार दाखवत होता. रोग बरा होणारा ठरला, पण कायद्याला ते कळायला फार वर्षे लागली.

मी सासऱ्याला पुष्कळ समजावले. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद उपजतच असते, उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत लागण होण्याचे भय राहत नाही, हे सारे पाठ केलेले बोललो. खात्याचे पत्रकही दिले. त्यावर जागतिक संघटनेचा हवाला होता. सासऱ्याने त्याची घडी करून टोपीत ठेवली. तेवढ्यावर काम संपले.

संध्याकाळी देवळापुढे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होती. मंडळाचे एक म्हातारे सेवक, गाव त्यांना काकाजी म्हणे, प्रार्थना आटोपल्यावर खंजिरी पिशवीत घालत होते. मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो आणि गाऱ्हाणे मांडले. लोक अडाणी आहेत, ऐकत नाहीत, वगैरे. काकाजींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले,

"सायेब, तुमी त्या घरी कवापासून येता?"

"पाच महिने झाले."

"पाच महिने. मंग तिच्या हातचं पानी कवा पेले का तुमी?"

मी गप्प झालो. दर महिन्याला ती बाई चहाचे विचारत असे, आणि दर महिन्याला मी म्हणत असे, "नको बाई, आत्ताच झाला." कधी झालेला असे, बहुतेक वेळा नसे. रोगाची सगळी माहिती मला होती. ती डोक्यात होती. घशाखाली उतरलेली नव्हती. गावाला अडाणी म्हणणारा मी, उंबरठ्याबाहेरच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काकाजी त्या घरी गेलो. गाडी मी दारापुढेच उभी केली. काकाजी ओसरीवर मांडी घालून बसले आणि सासऱ्याला म्हणाले, "पाटील, सुनेच्या हातचा च्या पाजा. सायेबही घेनार हायेत." घर स्तब्ध झाले. सासू आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. शेवटी सून कोठ्यातून आली, हात धुतले, चूल पेटवली. त्या दिवशी त्या बशीतला चहा मी प्यालो तेव्हा माझा हात थोडा कापला होता, हे आज कबूल करतो. काकाजींचा नाही कापला.

यावरून एका दिवसात सारे बदलले असे कोणी समजू नये. सासूने वेगळा गडू पुढे वर्षभर ठेवला. पण बाज त्याच आठवड्यात घरात आली, आणि वकिलाकडचे कागद काही पुढे सरकले नाहीत. दोन वर्षांचा उपचार पुरा झाला. रंग उजळला. बधिर करंगळी तेवढी तशीच राहिली, कारण गेलेली शीर गोळीने परत येत नाही. म्हणूनच चट्टा दिसताच दाखवावा.

पुढे जगाची मदत वाढली. १९९३ पासून जागतिक बँकेचे साहाय्य आले. १९९५ पासून पाच वर्षे जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या पैशांतून साऱ्या जगाला ही औषधे फुकट मिळाली. २००० पासून स्वित्झर्लंडची एक औषध कंपनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ती देऊ लागली. १९८० च्या सुमारास देशात दहा हजारांमागे सत्तावन्नच्या आसपास असलेले रोग्यांचे प्रमाण २००५ च्या अखेरीस एकाच्या खाली आले.

पण जपानचीच गोष्ट पाहा. आग्र्याला त्यांच्या लोकांनी कुष्ठरोगाचे केंद्र उभारले आणि १९७६ साली ते आपल्या सरकारकडे सोपवले. आम्हाला एवढे देणाऱ्या त्या देशात स्वतःच्या रोग्यांना मात्र सक्तीने वेगळे कोंडणारा कायदा होता, आणि औषध हाती असतानाही तो १९९६ पर्यंत चालू राहिला. महाराज जपानला गेले त्या वर्षी तिथले हजारो रोगी कुंपणाआड होते. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी ठरवले, तेव्हा सरकारने अपील न करता माफी मागितली. नंतर त्याच जपानने पुढाकार घेतला आणि २०१० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कुष्ठरोग्यांविरुद्धचा भेदभाव थांबवण्याचा ठराव केला. आपल्या विधी आयोगाने २०१५ मध्ये जुने कायदे काढायला सांगितले. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा २०१६ मध्ये गेला, आणि घटस्फोटाचे ते कारण २०१९ मध्ये पुसले गेले. काकाजी तेव्हा हयात नव्हते. जे संसदेने २०१९ साली केले ते त्यांनी १९९१ साली एका कपबशीत करून टाकले होते.

काम संपलेले नाही. आजही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रोगी निघतात. जगातल्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे. गोळ्या येत आहेत, येत राहतील. त्या मिलानहून येवोत की टोकियोहून, शेवटची दहा पावले मात्र आपल्यालाच चालायची आहेत.

यंदाच्या पंचमीला मौन सुटल्यावर गर्दीत कोणीतरी हाक मारली. तीच बाई. केस पिकलेले, कडेवर नात. करंगळी किंचित वाकडी, त्याच हाताने नातीला सावरलेले. म्हणाली,

"भाऊ, दिवाळीले या फराळाले. अन् आत्ताच झाला म्हनू नका."