जुळ्या फाइली आणि त्यांचे कीवर्ड

वारीचे फोटो वर्षानुवर्षं साठवणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. कॅमेरा एकाच क्षणाच्या दोन फाइली देतो, एक रॉ आणि एक जेपेग. वर्तमानपत्राला लगेच पाठवायचं म्हणून जेपेगला ‘दिवेघाट’, ‘रिंगण’ असे कीवर्ड पडतात, रॉ कोरीच राहते. पुढे पुस्तकासाठी तीच हवी असते आणि नेमकी ती सापडत नाही.

फोटोच्या पोटातच शब्द ठेवण्याची सोय वृत्तसंस्थांनी केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आयपीटीसी या त्यांच्या संघटनेचा साचा ठरला आणि प्रत्येक कीवर्डला ६४ बाइट मिळाले. इंग्रजीला ते पुष्कळ. यूटीएफ-८ मध्ये मात्र देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘ज्ञानेश्वर महाराज पालखी’ भरतं ६५ बाइट. एका बाइटपायी शेवटची वेलांटी बाहेर! शिवाय लिपीची नोंद नसेल तर वाचणारा प्रोग्राम अक्षरांचा चुराडा करायचा. त्या काळी आपल्याकडचे कितीतरी कीवर्ड रोमन लिपीत गेले, याची मला आजही हळहळ वाटते.

२००१मध्ये अडोबीचा एक्सएमपी हा नवा साचा आला आणि ही कोंडी फुटली. युनिकोड आलं, लांबीची अट गेली.

तरी हजारो जोड्यांमध्ये जेपेगचे कीवर्ड रॉत नेण्याचं काम हातानेच चाललं होतं. ते सोडवलं कॅनडाच्या फिल हार्वे यांच्या एक्झिफटूलने. २००३पासून हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्याला एका ओळीत सांगायचं: फोल्डरमधल्या प्रत्येक रॉसाठी त्याच नावाची जेपेग उघड, तिच्यातले फक्त कीवर्ड घे. तारीख, शटर, लेन्स यांना तो हात लावत नाही आणि वेगळं सांगितलं नाही तर मूळ फाइलही बाजूला जपून ठेवतो. इतकं विश्वासू साधन या क्षेत्रात मी दुसरं पाहिलेलं नाही.

शब्द फाइलीजवळ असण्याचं मोल पुढे कळलं. २०१४मध्ये ॲपलने ॲपर्चर हा फोटो सांभाळण्याचा प्रोग्राम बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ज्यांचे शब्द केवळ त्याच्या लायब्ररीत होते त्यांची धावपळ उडाली. फाइलीत किंवा शेजारच्या एक्सएमपी फाइलीत शब्द ठेवणारे निवांत होते.

एक्झिफटूलची ती ओळ जोडी नावावरूनच लावते, म्हणून धोका उरतो तो नावांचा. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो. मग वाखरीच्या रिंगणाचे शब्द एखाद्या लग्नाच्या फोटोला चिकटतात. म्हणून जाणकार आधी दोन्ही फाइलींच्या नावात चित्रणाची तारीख-वेळ घालून घेतात, जुना क्रमांक शेवटी तसाच ठेवतात आणि मगच ती एक ओळ चालवतात.