उखळ एक, मुसळं ऐंशी

भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटकं बनतात. टीएनटीमध्ये स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर धावते. ती मोजायला ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत संकेताचा आलेख दाखवणारं यंत्र, वापरतात. पुन्हा पुन्हा येणारा संकेत त्यावर थोडा थोडा टिपून जोडता येतो. स्फोट काही ‘वन्स मोअर’ घेत नाही. सगळं एकाच दमात टिपायचं.

मग सेकंदाला संकेताचे २० अब्ज नमुने घेऊन ते आकड्यांत बदलणारा रूपांतरक आणायचा कुठून? खरं तर तसा एकटा गडी नसतोच. २००३ साली मापनयंत्रं बनवणाऱ्या अजिलंट कंपनीच्या अभियंत्यांनी एका चिपवर ८० रूपांतरक बसवले. प्रत्येकाचा वेग सेकंदाला फक्त २५ कोटी नमुने, पण प्रत्येकाची पाळी आधीच्यापेक्षा ५० पिकोसेकंद उशिरा. (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग!)

भंडारा या धानाच्या जिल्ह्यात पूर्वी एका उखळात तिघी आळीपाळीने कांडायच्या, तसंच हे. ताल चुकला की मुसळावर मुसळ. इथे एखादा रूपांतरक दोन-चार पिकोसेकंद चुकला, तरी वेगवान संकेताची आकृती बिघडते. म्हणून प्रत्येकाची चूक मोजून ती सुधारावी लागते. माझ्या मते खरी कारागिरी हीच.

एवढे नमुने लगेच बाहेर पाठवणंही अशक्य. ते शेजारच्या १ मेगाबाइट मेमरीत ओततात. ती ५० मायक्रोसेकंदांत भरते. मग सावकाश वाचत बसायचं.