पंपाच्या यादीत पुरणपोळी कुठून येणार?

ॲनिमसच्या ‘पिंग’ या इन्सुलिन पंपाच्या रिमोटमध्ये सुमारे 500 पदार्थांची यादी असे, जुन्या ओम्नीपॉडच्या यंत्रात हजारावर. बर्गर, बेगल निवडा, कर्बोदकांचे ग्रॅम थेट मात्रेच्या हिशोबात. सोय चांगली, पण ताट अमेरिकेचे. नेवाळकरांच्या सुभेदारीपासून झाशीत राहिलेल्या मराठी घरांत होळीला पुरणपोळीही लागते आणि गुजियाही. तिथे ही यादी काय कामाची?

एका पोळीचा हिशोब पाहा: 20 ग्रॅम कणीक, 25 ग्रॅम हरभऱ्याची डाळ, 25 ग्रॅम गूळ. कर्बोदके झाली सुमारे 45 ग्रॅम. दर 10 ग्रॅमला 1 युनिट लागणाऱ्याला साडेचार युनिट. (हे प्रमाण ज्याचे त्याचे वेगळे, ते डॉक्टरांनीच ठरवायचे.) वर तुपाची धार पडली की साखर उशिरापर्यंत चढत राहते, हे कुठलीच यादी सांगत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली 528 भारतीय खाद्यजिनसांचे तक्ते काढले. पण तेही मुख्यतः कच्च्या जिनसांचे. तेव्हा पुरण शिजत घालण्याआधी डाळ-गूळ तोला, लाटलेल्या पोळ्या मोजा आणि भागाकार वहीत लिहून ठेवा.