रंगभवन ते ‘दशावतार’ : मुंबईच्या मेटलचा मागोवा

अमेरिकन हेवी मेटल बँडचं चरित्र वाचायला घ्यावं, तर सुरुवातीलाच एकाची हकालपट्टी होते, मध्यावर कुणीतरी जिवाला मुकतो आणि उरलेलं प्रकरण वकिलांकडे जातं. मेटॅलिकाचंच पाहा. 1981 साली लॉस एंजेलिसमध्ये जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उलरिक यांनी बँड उभा केला. 1983 मध्ये, पहिला अल्बम निघायच्या आधीच, गिटारवादक डेव्ह मस्टेनला दारू आणि भांडणांपायी काढलं आणि न्यूयॉर्कहून बसमध्ये बसवून घरी धाडलं. त्या रागातून त्यानं मेगाडेथ उभं केलं. 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बेसवादक क्लिफ बर्टन गेला. तो फक्त 24 वर्षांचा होता. 1991 च्या ‘ब्लॅक अल्बम’च्या जगभरात तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. 2000 मध्ये बँडनं इंटरनेटवर गाणी फुकट मिळवून देणाऱ्या नॅपस्टरला कोर्टात खेचलं. 2001 मध्ये बर्टनच्या जागी आलेला जेसन न्यूस्टेड सोडून गेला, हेटफिल्ड व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि उरलेल्यांनी एकमेकांशी बोलता यावं म्हणून पगारी समुपदेशक ठेवला. त्या सगळ्या धुसफुशीचा माहितीपटही 2004 मध्ये आला आणि तो लोकांनी पैसे देऊन पाहिला.

या भांडणांच्या मुळाशी भरभराट आहे, हे सहसा लक्षात येत नाही. भांडायला रॉयल्टी होती, दावा लावायला कंपनी होती, समुपदेशकाला द्यायला पैसे होते. बाहेरचं जग तयार होतं. बँड आतून फाटत होता. मुंबईत जे बँड हे संगीत वाजवत होते, त्यांची कथा बरोबर उलटी आहे. ते आतून बऱ्यापैकी धड होते. बाहेर मात्र काहीच तयार नव्हतं.

सुरुवात रॉक मशीनपासून करावी लागते. 1984 मध्ये मुंबईत जमलेला हा बँड काटेकोर अर्थानं हेवी मेटल नव्हे, हार्ड रॉक. पण पुढच्या सगळ्यांनी वाट धरली ती यांची. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर गिटारवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. त्या काळात बाहेरची गिटार म्हणजे परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाला घातलेली गळ. नाहीतर कोलकात्याची गिव्हसन होतीच. श्रोत्यांना हवी असत कव्हर्स, म्हणजे डीप पर्पलची, लेड झेपेलिनची गाणी जशीच्या तशी. स्वतःची रचना सुरू केली की मागून ओरडा सुरू. अशा वातावरणात रॉक मशीननं 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला, ही मोठी धिटाई होती.

या पिढीचं घर म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजला खेटून असलेलं खुलं नाट्यगृह. 1980 च्या दशकाच्या मध्यावर फरहाद वाडिया यांनी तिथं स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास इंडिपेन्डन्स रॉक सुरू केलं. सगळे त्याला आय-रॉकच म्हणत. ऑगस्टचा पाऊस, वर छप्पर नाही, अंगात काळे टी-शर्ट, खाली चिखल. देशभरातले कॉलेजचे बँड तिथं एकदा तरी वाजवायला मिळावं म्हणून धडपडत. मुंबईतल्या मेटलची पुढची जवळजवळ प्रत्येक कथा या मैदानावरून जाते.

1991 मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. बाजार खुला झाला आणि स्टारच्या डिशवरून एमटीव्ही घरात आला. 1993 मध्ये रॉक मशीननं इंडस क्रीड हे नाव घेतलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. 1995 मध्ये नव्या नावाचा अल्बम आला. इथून पुढे गाडी सुसाट सुटायला हवी होती. पण त्याच सुमाराला कॅसेट कंपन्यांना इंडीपॉप सापडलं. हिंदी गाणं, नाचणारा नायक, लग्नात वाजेल असा ठेका. इंग्रजीत गाणाऱ्या रॉक बँडवर पैसा लावायला मग कोण कशाला बसतो? 1997 मध्ये इंडस क्रीड थांबला. उदय बेनेगल आणि बँडमधलाच जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. 2010 मध्ये बँड पुन्हा जमला आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला, पण मधल्या तेरा वर्षांत वाजवणाऱ्यांची उमेदीची वर्षं निघून गेली होती.

दुसरी वाट सिनेमाची. 1994 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या पेंटाग्रामचा गायक विशाल ददलानी पुढे विशाल-शेखर जोडीतला विशाल झाला. त्यानं बँड सोडला नाही, हे त्याचं कौतुक. पण घर कशावर चालतं, हे मुंबईत प्रत्येक गिटारवाल्याला ठाऊक होतं. स्टुडिओत सिनेमाचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात मेटल वाजवायचं.

आणि मग रंगभवन गेलं. 2000 साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरू लागला. तिथं दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल ही मर्यादा. दोन माणसं समोरासमोर बसून बोलली तरी आवाज साठच्या घरात जातो. रंगभवनच्या एका अंगाला कॉलेज, जवळच जी. टी. आणि कामा रुग्णालय. काही वर्षांतच तिथले कार्यक्रम बंद पडले. नियम चुकीचा नव्हता. रुग्णाला झोप हवीच. चूक अशी, की एक जागा बंद करताना दुसरी उघडून देण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. आय-रॉक इकडून तिकडे फिरत राहिलं, मध्ये खंडही पडला. छोटे बँड जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरससारख्या पबकडे वळले.

हे सगळं मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतमधून लिहितो आहे. मुंबईकराला कर्जत म्हणजे लोकलचं रायगडातलं स्टेशन वाटतं. आमचं कर्जत मुंबईहून अडीचशेहून अधिक किलोमीटरवर, अवर्षणाच्या पट्ट्यात आहे. सिद्धटेकचा गणपती, राशीनची देवी आणि गोदड महाराजांचा रथ ही त्याची ओळख. मेटलचा इथं काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध त्याच 2000 सालच्या नियमांचा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हे कलम रंगभवनला लागलं तसं आमच्याकडच्या जत्रांतल्या तमाशालाही लागलं. तमाशाला खरा रंग चढतो तो रात्री. गण, गौळण, बतावणी, मग वग. जेवणखाण उरकून माणसं तंबूत येतात तोवर घड्याळात नऊ वाजलेले असतात. दहाला आवाज बंद म्हणजे वग सुरू व्हायच्या आतच खेळ संपला. फडमालक आणि कलावंत वेळ वाढवून द्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी करत आले आहेत. धोबीतलावचा ड्रमर आणि नारायणगावच्या राहुटीत सुपारीची वाट बघणारा ढोलकीवाला यांची कधी गाठ पडली नसेल, पण दोघांची तक्रार शब्दशः एकच होती.

मात्र एका बाबतीत तमाशा पुढे होता. फड ही पूर्ण संस्था असते. शंभराच्या घरात माणसं, ट्रक, जनरेटर, तंबू, आचारी. दसऱ्याला हंगाम सुरू होतो, चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या नारायणगावात ठरतात, कलावंताला उचल मिळते. या उचलीनं आणि सावकारीनं कित्येक फड बुडवले, हेही खरं. तरी गाव, हंगाम आणि सुपारी यांचं जाळं पिढ्यान्‌पिढ्या विणलेलं होतं. मुंबईच्या मेटलवाल्यांना यातलं काहीच वारशानं मिळालं नव्हतं. त्यांना आधी जाळं विणायचं होतं, मग त्यावर उभं राहून वाजवायचं होतं.

हे काम सर्वांत चिकाटीनं केलं साहिल मखिजानं. 2000 साली त्यानं डेमॉनिक रेझरेक्शन सुरू केला. जड रिफ, डबल बेस ड्रम्स, कीबोर्डचा वाद्यवृंदासारखा पसारा आणि त्याच गाण्यात गुरगुर आणि स्वच्छ गळा दोन्ही. कुठलीही कंपनी घेणार नव्हती म्हणून त्यानं डेमनस्टीलर रेकॉर्ड्स हे स्वतःचं लेबल काढलं. ते फक्त स्वतःच्या बँडपुरतं ठेवलं नाही, इतरांचेही अल्बम काढले. वाजवायला मंच नव्हता म्हणून रेझरेक्शन फेस्टिव्हल भरवला. ध्वनिमुद्रण परवडेना म्हणून तेही स्वतः शिकला. 2005 मध्ये ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ आला. पुढचा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ 2010 मध्ये कॅंडललाइट या ब्रिटिश लेबलनं परदेशात काढला आणि त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या लंडनच्या मासिकानं गोल्डन गॉड्स सोहळ्यात बँडला ग्लोबल मेटल पुरस्कार दिला.

पण घरी परतल्यावर पुन्हा तेच. या बँडची माणसं इतक्यांदा बदलली की पहिल्यापासून आजवर टिकलेला एकटा साहिलच. अमेरिकेत माणूस बँड सोडतो तेव्हा त्यामागे बहुधा दुसरा बँड असतो. मुंबईत त्यामागे नोकरी असते, परदेशातलं शिक्षण असतं, घराचा हप्ता असतो. बातमी व्हावी असं त्यात काही नसतं, म्हणून ही पडझड कुठं नोंदलीही जात नाही. साहिलनं त्यावरही आपल्या परीनं उत्तर काढलं. मेटल वाजवणाऱ्यांच्या मुलाखती घेत स्वयंपाक करायचा, असा ‘हेडबँगर्स किचन’ हा कार्यक्रम त्यानं यूट्यूबवर सुरू केला. पुढे त्याचं कीटो पाककृतींच्या चॅनेलमध्ये रूपांतर झालं आणि जगभरात प्रेक्षक मिळाले. संगीतानं पोट भरलं नाही; पनीर आणि अंड्यांनी भरलं. मेटॅलिकाच्या चरित्रात असं प्रकरण सापडायचं नाही.

2017 मध्ये आलेला त्याच्या बँडचा ‘दशावतार’ अल्बम हे या धडपडीचं फळ. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. दहा अवतार, दहा गाणी, भाषा इंग्रजी, गिटारींच्या गदारोळात मिसळलेली भारतीय वाद्यं. नॉर्वेचे मेटलवाले ओडिन आणि थॉर यांच्यावर अल्बमवर अल्बम काढतात, मग आपल्या पुराणांत काय कमी आहे, हा साधा हिशेब. मराठी माणसाला यात फारसं नवल वाटू नये. तळकोकणात दशावतारी मंडळी रात्रभर जागून हेच करत आली आहेत. खांब फोडून बाहेर पडणारा नरसिंह हा मेटलला मिळालेला आयता विषय आहे. इतका उशीर का लागला, एवढंच आश्चर्य.

साहिल एकटा नव्हता. 2003 मध्ये जमलेल्या भयानक मौतनं दोन गायक समोर ठेवून मुंबईच्या मेटलला एक वेगळीच आक्रमकता दिली. 2014 चा त्यांचा ‘मॅन’ आजही ऐकण्यासारखा आहे. स्क्राइबनं उलटी वाट धरली. रागाच्या जागी थट्टा. ‘मार्क ऑफ तेजा’ हे त्यांच्या अल्बमचं नाव ‘अंदाज अपना अपना’तल्या खलनायकावरून, तर ‘हेल मोगॅम्बो’ कुणावरून हे सांगायला नको. अमेरिकेतून आलेलं संगीत हिंदी सिनेमा पाहत वाढलेल्या पोरांच्या हाती पडलं की त्याचं काय होतं, ते इथं दिसतं. स्वतःची जीभ सापडणं हेच म्हणतात त्याला.

दरम्यान मोठी नावं भारतात येऊ लागली. 1 फेब्रुवारी 2008 ला ब्रिटनच्या आयर्न मेडननं आपल्या जगदौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात केला. ऑक्टोबर 2011 मध्ये मेटॅलिका आली. 28 तारखेचा गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, चिडलेल्या गर्दीनं मंचाची मोडतोड केली. दोन दिवसांनी बंगळुरूत मात्र सगळं सुरळीत पार पडलं. 17 मे 2025 ला गन्स अँड रोझेस मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. म्हणजे श्रोता आहे, हजारोंच्या संख्येनं आहे, आणि तिकिटाला हजारो रुपये मोजायची त्याची तयारीही आहे. तोच श्रोता आपल्या शहरातल्या बँडसाठी तीनशे रुपये काढताना का कचरतो, हा प्रश्न तीस वर्षं जुना आहे. आधी कव्हर्स मागणारा श्रोता आता मूळ बँडच समोर आला की पैसे देतो. मधला टप्पा, म्हणजे आपल्यातल्याच कुणाचं तरी नवं गाणं ऐकणं, त्यानं टाळला तो टाळलाच.

या मागोव्यातून मला एक गोष्ट दिसते. बँड किती वेळा फुटला, यावरून त्याची कारकीर्द किती वादळी होती ते मोजायची सवय आपल्याला अमेरिकन चरित्रांनी लावली. इथं ते माप लागू पडत नाही. रॉक मशीनला इंडीपॉपच्या लाटेनं आणि रंगभवनला शांतता क्षेत्रानं बाजूला सारलं. त्यात कुणी कुणाशी भांडलं नव्हतं. डेमॉनिक रेझरेक्शनमधून बाहेर पडणाऱ्यांनी कुणाला शिव्या घातल्याचं गाजलं नाही. जे मोडलं ते परिस्थितीनं मोडलं, आणि जे टिकलं ते वाजवणाऱ्यांनीच लेबल, मंच आणि स्टुडिओ उभे केले म्हणून टिकलं.

त्यातली एक अडचण तरी सोडवता येण्याजोगी आहे. ध्वनिनियमांतच एक तरतूद आहे : राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला सवलत देऊ शकतं. हे दिवस बहुतेक सणावारांत वाटून संपतात; त्यातले काही कलेसाठी ठेवता येतील. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात वस्तीपासून दूर, रुग्णालयापासून लांब असं एखादं खुलं मैदान कलेसाठी राखून ठेवता येईल. माळरानाला तर नगर जिल्ह्यात तोटा नाही. तिथं हिवाळ्यात मेटल वाजावं, चैत्रात तमाशा रंगावा. आजवर दोघांनीही आपापली मागणी वेगवेगळ्या दारांत नेली. ती एकत्र नेली, तर फडमालकाचा अनुभव आणि मुंबईच्या पोरांची ओरड, दोन्ही मिळून सरकारदरबारी बरीच जड जाईल.