आरोग्यशिक्षक होण्याची पूर्वतयारी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब आहे. त्यांची मुलगी जीवशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली. वैद्यकीय प्रवेश दोनदा हुकला होता. "मी आरोग्यशिक्षिका होणार," असे तिने जाहीर करताच आजोबा म्हणाले, "म्हणजे शाळेत मुलांची नखे तपासायची, होय ना?" आजोबांना दोष देता येणार नाही. या व्यवसायाची आपल्याकडे ओळखच अशी अर्धवट आहे.

श्रोतेहो, डॉक्टर दाराशी आलेल्या रोग्यास तपासतो. आरोग्यशिक्षकास मात्र जो अजून आजारी पडलेला नाही त्याच्या दाराशी स्वतः जावे लागते. ग्वाल्हेरात जयारोग्य रुग्णालय आहे, १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु शेजारच्या मुरैना जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८२९. या दुखण्यावर कोणत्या रुग्णालयात औषध मिळणार? गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे. कायदा यंत्रावर पहारा ठेवू शकतो. सुनेच्या पोटी दुसरीही मुलगीच होईल या धास्तीने रात्र रात्र जागणाऱ्या सासूशी अंगणात बसून बोलणे त्याला साधत नाही. ते काम माणसाचेच, आणि त्या माणसाला शिकून तयार व्हावे लागते.

ही तयारी कशी करावी? पदवी जीवशास्त्राची असावीच असे नाही. गृहविज्ञान, समाजशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र, परिचर्या यांतूनही या वाटेला लागता येते. ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यास पदवीसाठी गाव सोडण्याचे कारण नाही. १९६४ पासून जिवाजी विद्यापीठ तेथेच आहे. पदवीनंतर मात्र प्रवास घडतो. आरोग्यशिक्षणाची एक वर्षाची पदविका कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत, तमिळनाडूतील गांधीग्रामच्या संस्थेत आणि मुंबईच्या केंद्रीय संस्थेत घेता येते. पैकी कलकत्त्याची संस्था १९३२ ची. अधिक शिकावयाचे असल्यास सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. प्रवेशाच्या अटी दरसाल त्या त्या संस्थेच्या सूचनापत्रकात पाहाव्यात. ऐकीव माहितीवर विसंबून अर्ज करू नये.

अभ्यासक्रमात रोगप्रसाराचे शास्त्र, पोषण, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, संप्रेषण असे विषय असतात. ते पुस्तकातून शिकता येतील. कठीण पडते ते क्षेत्रकार्य. उदाहरणार्थ, अतिसार झालेल्या मुलास जलसंजीवनी पाजावी, हे वाक्य कोणालाही पाठ म्हणता येते. पण पाकिटातील भुकटी एक लिटर पाण्यात विरघळवावयाची असते. आणि ज्या घरात तांब्या, लोटा आणि घडा एवढीच भांडी आहेत, तेथे लिटर म्हणजे किती? तेथल्या तांब्यात पाणी किती मावते हे आधी मोजून पाहावे, मग बोलावे. शिवाय जुलाब होत असताना पाणी तोडावे अशी त्या घरच्या आजीची पक्की समजूत असेल, तर तिला अडाणी ठरवून भागत नाही. तिच्या समजुतीमागचा तर्क ऐकून घ्यावा लागतो. भाषणे देण्याची हौस असलेल्या तरुणांस हे ऐकणेच जड जाते, असा माझा अनुभव आहे.

भाषेचेही तसेच. ग्वाल्हेरच्या मराठी घरातील मूल घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलते. पण आसपासच्या खेड्यांत पुस्तकी हिंदी परकीच वाटते. तेथे बुंदेली-ब्रज वळणाची बोली कानाला सवयीची करून घ्यावी लागते. कोणतीही पदविका हे शिकवीत नाही.

आणखी एक गोष्ट नम्रपणे लक्षात ठेवावी. आपल्या महाराष्ट्रात १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांनी निवडलेल्या ग्राम आरोग्यसेविकांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकविले. तेथे नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात औषधोपचाराचाही वाटा होता, हे खरे. पण तो उपचार करणारे हात खेड्यातलेच होते. तेव्हा पदविकाधारकाने सगळे आपणच शिकवावयाचे नसते. २००५ नंतर गावोगाव नेमल्या गेलेल्या 'आशा' कार्यकर्त्यांना घडविणे, त्यांच्या अडचणी सोडविणे, हे त्याचे खरे काम. सेवेतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारी मध्य प्रदेश शासनाची आरोग्य व्यवस्थापन व संप्रेषण संस्थाही ग्वाल्हेरातच आहे.

नोकरीचे काय, हा प्रश्न आजोबांनी नंतर विचारलाच. तालुका पातळीवर विस्तार शिक्षक, जिल्ह्यास विस्तार व माध्यम अधिकारी, रुग्णालयांत समुपदेशक, स्वयंसेवी संस्थांत प्रशिक्षक, अशा जागा असतात. पुष्कळशा कराराच्या असतात आणि वेतन बेताचे, हे लपविण्यात अर्थ नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने आरोग्यशिक्षकाचा नावानिशी समावेश केला आहे, एवढे मात्र झाले.

त्या मुलीस मी इतकेच सुचविले, की अर्ज करण्यापूर्वी दोन-तीन महिने एखाद्या 'आशा'ताईंच्या संमतीने त्यांच्याबरोबर लसीकरणाच्या दिवशी हिंडावे आणि आया काय विचारतात ते वहीत उतरून घ्यावे. ती सध्या दर मंगळवारी जाते. पहिल्या दिवशी तिला एकाही आईने काही विचारले नाही; तिसऱ्या मंगळवारी एकीने विचारले, "सुई टोचल्यावर ताप येतो, मग ती चांगली कशी?" उत्तर तिला येत होते, पण सोप्या शब्दांत सांगता येईना. घरी येऊन तिने तो प्रश्न आजोबांनाच समजावून सांगण्याचा प्रयत्न केला.