मरुभूमीतील न्हाणीघर : जुनी हवेली, नवे घर आणि पाण्याची वाट

पुणे, नगर, जालना, धुळे अशा गावांत काही पिढ्यांपूर्वी व्यापारासाठी येऊन स्थायिक झालेल्या अनेक ओसवाल कुटुंबांची एक वास्तू अजूनही मारवाडात उभी असते. पाली, फलोदी, बाडमेर किंवा जैसलमेर परिसरातील त्या घरी वर्षातून एकदोनदा कुटुंब जमते. कधी कुलदेवीचे दर्शन असते, कधी लग्नकार्य, कधी दीक्षा-महोत्सव. पहिला दिवस जुन्या आठवणींत जातो. दुसऱ्या दिवशी मात्र चर्चेला ठरलेला विषय मिळतो, तो न्हाणीघराचा. आजींना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, सुनांना अंगण ओलांडून जाणे अवघड वाटते, मुलांना शॉवर हवा असतो. सायंकाळपर्यंत निर्णय होतो की, शहरातील फ्लॅटमध्ये आहे तसेच न्हाणीघर येथेही करून टाकावे.

गरज खरी असते आणि ती भागवलीच पाहिजे. मात्र फ्लॅटमधील न्हाणीघर जसेच्या तसे वाळवंटातील घरात बसवले, तर तीन-चार वर्षांत भिंती बोलू लागतात. खालच्या दालनात ओल दिसते, चुन्याच्या गिलाव्याला लोणा लागतो, कोरीव दगडाचे पापुद्रे सुटतात. पाण्याच्या टंचाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात घराचे नुकसान पाण्यानेच व्हावे, हे ऐकताना विचित्र वाटते. त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय कामाला हात घालू नये.

जैसलमेरचा धडा

या बाबतीत सर्वांत मोठे उदाहरण जैसलमेरच्या किल्ल्याचे आहे. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला आजही वस्तीचा किल्ला आहे. येथील जैन मंदिरे आणि आचार्य जिनभद्रसूरींचा ज्ञानभांडार यांमुळे समाजाला हे स्थान विशेष वंदनीय आहे. ताडपत्रावरील प्राचीन हस्तलिखिते येथे शतकानुशतके टिकली, यात कोरड्या हवेचा वाटा मोठा आहे.

किल्ला उभा आहे ती टेकडी मात्र एकसंध कठीण खडकाची नाही. वालुकाश्माबरोबर तेथे माती आणि शेलसारखे मऊ थर आहेत. जोवर पाणी घागरीने वर येत होते, तोवर ते जपून वापरले जाई आणि वाहून जाणारे पाणी अगदी थोडे असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आले, घरोघरी न्हाणीघरे आणि फ्लशची शौचालये झाली, पुढे पर्यटकांसाठी खोल्या वाढल्या. पाणी वर येण्याची सोय झाली, पण ते खाली नेणाऱ्या गटारांची क्षमता त्या मानाने वाढली नाही. गळणारे पाणी टेकडीत मुरले, मऊ थर भिजले आणि काही बुरूज ढासळले. १९९० च्या दशकात जागतिक पातळीवरील संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचे नाव आले. २०१३ मध्ये राजस्थानातील इतर पाच दुर्गांबरोबर त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरीही पाण्याचा निचरा हीच त्याच्यापुढील मोठी चिंता राहिली.

जोधपूरचा अनुभवही याच्याशी जुळणारा आहे. कालव्याचे पाणी शहरात मुबलक येऊ लागल्यानंतर जुन्या विहिरी-बावड्यांतून होणारा उपसा घटला, भूजल वर चढले आणि जुन्या वस्तीतील तळघरांत पाणी साचू लागले. जे शहरात घडले, तेच लहान प्रमाणात एका हवेलीत घडते. घरात येणारे पाणी दहापट वाढते आणि जाण्याची वाट तीच जुनी राहते.

जुनी हवेली : भिंतीला श्वास हवा

जुन्या हवेलीची भिंत दगड आणि चुन्याची असते. तिच्यात सूक्ष्म छिद्रे असतात. ओल आत गेली तरी कोरड्या हवेत ती बाहेर पडते, यालाच जुने गवंडी भिंतीचा श्वास म्हणतात. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून सात फुटांपर्यंत टाईल्स लावल्या की बाहेर पडण्याची वाट बंद होते. सांध्यांतून आत गेलेले पाणी मग वर चढते आणि टाईल्स संपतात तेथे, किंवा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला बाहेर येते. पाणी उडून जाते, पण त्यातील क्षार मागे राहतो. त्याचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि दगड आतून फुटतो. न्हाणीघर चकाकत असते आणि पलीकडच्या दिवाणखान्यातील रंगीत गिलावा गळून पडत असतो.

म्हणून पहिला प्रश्न जागेचा आहे. न्हाणीघर शक्यतो तळमजल्यावर, बाहेरच्या भिंतीलगत किंवा मागच्या अंगणात स्वतंत्र बांधावे. पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्याजवळ शौचालय किंवा शोषखड्डा कधीही नसावा. घरातील टाके आज वापरात नसले, तरी ते उद्या लागणार नाही असे कोणी सांगू शकत नाही.

वरच्या मजल्यावर न्हाणीघर करावेच लागले, तर आधी छत पाहावे. जुनी छते लाकडी तुळयांवर किंवा दगडी पट्ट्यांवर टेकलेली असतात. त्यांवर विटांचा भराव, काँक्रीट आणि पाण्याची टाकी यांचा भार टाकणे धोक्याचे आहे. अनुभवी अभियंत्याने पाहिल्याशिवाय असे काम सुरू करू नये.

भिंतीच्या बाबतीत मधला मार्ग आहे. पाणी उडते तेवढ्याच भागापुढे मूळ भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून हलका पडदा उभारावा आणि टाईल्स त्यावर लावाव्यात. मधल्या फटीतून हवा खेळते आणि मूळ भिंत कोरडी राहते. उरलेल्या भिंतीवर चुन्याचाच गिलावा ठेवावा. नळाचे पाइप भिंतीत चर खणून बसवू नयेत. ते उघडे ठेवले तर दिसायला थोडे कमी बरे वाटतात, पण गळती पहिल्याच दिवशी लक्षात येते. जाळी किंवा झरोका एक्झॉस्ट फॅनसाठी बुजवू नये. वाळवंटातील कोरडी हवा हा ओल घालवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ज्येष्ठांसाठी लावायची आधाराची दांडी ठिसूळ जुन्या दगडात स्क्रूने बसवली, तर ऐन वेळी उपटून येते. जमिनीत पक्की केलेली, पायावर उभी असलेली दांडी घ्यावी. फरशी खडबडीत असावी आणि दार बाहेर उघडणारे असावे, म्हणजे आत कोणी पडले तरी दार अडत नाही.

नवे घर : ऊन आणि क्षार

गेल्या तीस-चाळीस वर्षांत बांधलेल्या काँक्रीटच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. येथे भिंतीला श्वासाची चिंता नसते. त्रास असतो तो उन्हाचा आणि क्षारयुक्त पाण्याचा.

मे महिन्यात दुपारी गच्चीवरील काळ्या टाकीतील पाणी अंग भाजेल इतके तापते. टाकीवर सावली करावी, फिकट रंगाची अनेक थरांची टाकी घ्यावी आणि गच्चीवरील उघडे पाइप झाकावेत. उन्हात राहिलेले साधे प्लास्टिकचे पाइप काही वर्षांत ठिसूळ होतात, हेही त्यामागचे कारण आहे. साठवणीचा गीझर असेल, तर उन्हाळ्यात तो बंद ठेवून त्याच नळाचे पाणी घ्यावे. रात्रभर घरात राहिलेले ते पाणी टाकीतून थेट येणाऱ्या पाण्यापेक्षा पुष्कळ थंड असते.

दिवसा तापणारे आणि रात्री निवणारे काँक्रीट सतत किंचित फुगते व आकसते. त्यामुळे केवळ सिमेंटचे वॉटरप्रूफिंग कोपऱ्यांत तडकते. लवचीक लेप वापरावा, जमीन व भिंत जेथे मिळतात तेथे गोलावा द्यावा आणि लेप भिंतीवर किमान एक फूट चढवावा. टाईल्स बसवण्यापूर्वी पाण्याची वाट बंद करून जमिनीवर पाणी भरावे आणि ४८ तास ठेवावे. खालच्या छतावर एक डाग जरी दिसला, तरी काम पुढे जाऊ देऊ नये. जमिनीचा उतार दर १०० इंचांना किमान एक इंच असावा.

बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असेल, तर काचेचे दार, काळ्या टाईल्स आणि बारीक छिद्रांचा शॉवर यांवर महिनाभरात पांढरे डाग बसतात. फिकट, निमचकचकीत टाईल्स निवडाव्यात. डाग काढण्यासाठी तीव्र ॲसिड ओतण्याची सवय फार नुकसान करते. त्याने सांध्यांतील सिमेंट खाल्ले जाते आणि तेथूनच पाणी आत शिरते. टाईल्ससाठी लिंबूसत्व पुरते. मकराण्याच्या संगमरवरावर मात्र कोणतेही आम्ल वापरू नये, कारण त्याने दगडाची झिलई जाते.

काम कोणत्या ऋतूत करावे, यालाही महत्त्व आहे. लू वाहत असताना सिमेंटमधील पाणी पकड येण्याआधीच उडून जाते. चातुर्मास संपल्यानंतर कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम असतो. नवे काम किमान सात दिवस ओले ठेवण्याची अट गवंड्याशी आधीच ठरवावी.

बंद घराची काळजी

घर जुने असो वा नवे, वर्षातील आठ-दहा महिने ते बंद राहत असेल तर आणखी एक अडचण येते. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी साठून राहते आणि तेच गटाराची दुर्गंधी व झुरळे यांना अडवते. कोरड्या हवेत हे पाणी काही आठवड्यांत सुकते. कुटुंब परत येते तेव्हा घरभर वास आणि कीटक असतात, मग औषधांची फवारणी होते. जी जीवहिंसा सहज टाळता आली असती, ती पदरी येते.

उपाय साधा आहे. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी ओतून त्यावर रबरी झाकण घट्ट बसवावे. कमोडचे झाकण लावून कडा प्लास्टिकने बंद कराव्यात. पाण्यावर तेलाचा थर देण्याची युक्तीही प्रचलित आहे, परंतु त्यात सूक्ष्म जीव अडकतात, म्हणून झाकणच बरे. घर सांभाळणाऱ्याला पंधरवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतण्यास सांगावे. मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, गीझरची वीज तोडून तो रिकामा करावा. परत आल्यावर पाइपांत साचून राहिलेले पाणी आधी वाहू द्यावे आणि बादलीत धरून फरशी पुसण्यास वापरावे.

खर्चाचा क्रम

साधा शॉवर मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी सोडतो. आठ मिनिटांच्या स्नानात ८० लिटर, म्हणजे चार-पाच बादल्या होतात. जुन्या पिढीचे स्नान एका बादलीत होत असे. जेथे थेंब गाळून आणि मोजून वापरण्याचा संस्कार आहे, त्या घरात बादली आणि तांब्याची जागा राखणे कोणालाच जड जाऊ नये. फ्लश तीन आणि सहा लिटरचा, दोन बटणांचा घ्यावा. स्नानाचे पाणी शौचालयाच्या पाण्यात न मिसळता वेगळ्या पाइपने अंगणातील लिंबाच्या किंवा खेजडीच्या मुळाशी न्यावे. मात्र ते मुरावे, साचू नये.

पैसा खर्च करताना बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होतो. टाईल्स आणि नळ यांची खरेदी आधी होते, आणि गटाराचा विषय निघतो तेव्हा रक्कम संपलेली असते. योग्य क्रम असा : प्रथम सांडपाण्याची वाट, नंतर वॉटरप्रूफिंग, मग पाइप, आणि शेवटी उरलेल्या रकमेत टाईल्स व नळ. गवंड्याला पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की या खोलीतील शेवटचा थेंब घराबाहेर नेमका कोठे पडणार. त्याला ती जागा अंगणात चालत जाऊन दाखवता आली, तरच कामाची इसारत द्यावी.